एका फ्लॅटच्या चार किमती

कोथरूडमधला पंचवीस वर्षांपूर्वीचा एखादा दोन बेडरूमचा फ्लॅट विकायला निघाला, की आठवडाभरात मालकाच्या कानावर निरनिराळे आकडे येऊ लागतात. समजा, एजंटने सव्वा कोटी सांगितले. दुय्यम निबंधक कार्यालयातली आकडेमोड नव्वद लाखांवर थांबली. खरेदीदाराच्या बँकेने पाठवलेल्या व्हॅल्युअरने एक कोटी दहा लाख लिहिले. आणि महापालिकेच्या मिळकतकराच्या बिलावर त्याच घराची वार्षिक करपात्र रक्कम काही हजारांत आहे. यातले कोणीतरी आपल्याला फसवते आहे, ही मालकाची पहिली शंका. फसवणूक होतच नाही असे नाही. पण आकड्यांत फरक असणे हे काही तिचे लक्षण नव्हे. प्रत्येक आकडा वेगळ्या कामासाठी, वेगळ्या नियमाने काढलेला असतो. आपले घर कोणत्या कामासाठी मोजले जात आहे हे ज्याला ठाऊक नसते, तो नको तिथे भांडत बसतो आणि जिथे भांडायला हवे तिथे सही करून मोकळा होतो.

सरकारी आकडा तर पुण्यातच तयार होतो. नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रकांचे कार्यालय इथे आहे आणि १९१४ पासूनचा वारसा सांगणाऱ्या नगररचना व मूल्यनिर्धारण विभागाचे मुख्यालयही इथेच आहे. ज्याला आपण सगळे रेडी रेकनर म्हणतो ते वार्षिक मूल्य दरपत्रक १९९५ च्या नियमांनुसार ठरते आणि आता आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला, म्हणजे १ एप्रिलला लागू होते. सलग दोन वर्षे दर जैसे थे ठेवल्यानंतर १ एप्रिल २०२५ पासून राज्यात सरासरी ३.८९ टक्के वाढ झाली. पुणे महापालिका हद्दीत ती ४.१६ टक्के होती, तर पिंपरी-चिंचवडमध्ये ६.६९ टक्के. या दरांचा पहिला उपयोग मुद्रांक शुल्कासाठी. पुण्यात ते स्थानिक संस्था कर आणि मेट्रो अधिभार धरून सात टक्के पडते, खरेदीदार महिला असेल तर सहा. वर नोंदणी फी एक टक्का, पण तीस हजारांपेक्षा जास्त नाही. करारातली रक्कम आणि रेडी रेकनरची रक्कम यांपैकी जी मोठी, तिच्यावर शुल्क.

रेडी रेकनर शहराचे मूल्य विभाग पाडते आणि प्रत्येक विभागात मोकळी जमीन, निवासी, ऑफिस, दुकान असे वेगवेगळे दर ठरवते. इमारत जुनी असेल तर वयाप्रमाणे घसारा मिळतो. लिफ्टच्या इमारतीत वरच्या मजल्यांना दर चढतो, लिफ्ट नसेल तर वर जाल तसा उतरतो. एवढ्यावर त्याची अक्कल संपते. तुमच्या खिडकीखालून नाला वाहतो की समोर बाग आहे, सोसायटीत टँकर येतो की महापालिकेचे पाणी पुरते, हे त्याला माहीत नसते आणि असण्याची अपेक्षाही नाही. ते शुल्क आकारण्याचे साधन आहे. गंमत म्हणजे नोंदणीनंतर मिळणाऱ्या सूची क्रमांक दोनवर, म्हणजे आपल्या इंडेक्स टूवर, ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन रकाने असतात. प्रत्यक्ष बाजारात ठरलेला भाव पहिल्या रकान्यात असतो आणि बाजारभावाच्या रकान्यात सरकारी दराने काढलेली रक्कम. हे एकदा लक्षात आले, की अर्धा गोंधळ मिटतो.

महापालिकेच्या आकड्याचा विक्रीशी संबंध नाही, त्यामुळे त्यावर फार थांबायला नको. घर भाड्याने दिले तर वर्षाला काय यावे, या गृहीतावर तो बेतलेला असतो. पुण्यात १९७० पासून स्वतः राहणाऱ्यांना मिळणारी चाळीस टक्के सवलत मध्यंतरी काढून घेतली गेली आणि २०२३ मध्ये परत आली. ती मिळवण्यासाठी पीटी-३ अर्ज भरावा लागला, आणि घर विकताना कराची थकबाकी निघाली की त्या अर्जाची आठवण अनेकांना पहिल्यांदा होते. बिल वेळेवर भरा, नाव बरोबर आहे का पाहा, पुढे चला.

खरा प्रश्न बँकेच्या मूल्यांकनाचा. बहुतेक व्यवहार तिथेच अडतात किंवा सुटतात.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत, तीस ते पंच्याहत्तर लाखांच्या कर्जाला ऐंशी आणि त्यापुढे पंच्याहत्तर टक्क्यांपर्यंत कर्ज देता येते. आता किंमत म्हणजे कोणती? करारातली आणि व्हॅल्युअरने लिहिलेली, यांत जी कमी ती, असे बँका सर्रास धरतात. समजा, करार नव्वद लाखांचा झाला आणि व्हॅल्युअरने ब्याऐंशी लिहिले. ऐंशी टक्क्यांच्या हिशेबाने बहात्तर लाखांच्या अपेक्षेवर बसलेल्या खरेदीदाराला पासष्ट लाख साठ हजारच मिळतील. सहा लाख चाळीस हजारांचा खड्डा त्याने स्वतः भरायचा. शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी साधारणपणे किमतीत धरता येत नाही. नव्वद लाखांवर सात टक्के म्हणजे आणखी सहा लाख तीस हजार खिशातून. हे गणित खरेदीदाराला बयाणा दिल्यावर कळते आणि मग विक्रेत्याला उशिराचे फोन सुरू होतात. म्हणून मूल्यांकन हा खरेदीदाराचा प्रश्न आहे, असे म्हणून विकणाऱ्याने हात झटकणे हा भाबडेपणा आहे.

व्हॅल्युअरची भेट पाहिलेल्यांना ती फारच किरकोळ वाटते. तो येतो, लेझर मीटरने खोल्या मोजतो, हॉल, किचन, संडास-बाथरूम, जिना, लिफ्ट, गेट, रस्ता यांचे फोटो काढतो, वॉचमनशी दोन शब्द बोलतो आणि अर्ध्या तासात निघतो. घरच्यांनी चहा ठेवलेला असतो, नवे मॉड्युलर किचन दाखवायची घाई असते. त्याचे खरे काम मात्र नंतर सुरू होते. आजूबाजूला अलीकडे झालेल्या व्यवहारांचे दर तो गोळा करतो आणि मजला, वय, पार्किंग, रस्त्याची रुंदी यांप्रमाणे त्यांत कमी-जास्त करतो. बंगला किंवा वाडा असेल तर जमिनीची किंमत वेगळी आणि घसारा वजा जाता बांधकामाची किंमत वेगळी काढून बेरीज करतो. भाडेकरू बसलेले असतील तर भाड्याच्या उत्पन्नावरून हिशेब करावा लागतो. अहवालात तो बहुधा एक आकडा लिहीत नाही, तीन लिहितो: बाजारमूल्य, प्रत्यक्ष वसूल होईल असे मूल्य आणि सक्तीने विकावे लागले तर मिळेल ते मूल्य. बँकेचा डोळा शेवटच्या दोनांवर असतो, कारण हप्ते थकले तर तिला ते घर विकायचे आहे. या नजरेने पाहिले म्हणजे ‘इंटिरिअरला पंधरा लाख घातलेत’ या वाक्याचा व्हॅल्युअरवर परिणाम का होत नाही ते समजते. पलंग, कपाटे, झुंबर उद्या निघून जातात. बँकेकडे तारण राहतात भिंती आणि कागद.

आणि कागदांत पुण्याची घरे फार ठिकाणी अडखळतात.

पहिला कागद मंजूर नकाशा. व्हॅल्युअर घर मोजतो ते नकाशाशी ताडून पाहण्यासाठी. बाल्कनी आत घेऊन हॉल मोठा केलेला, टेरेसवर पत्रा टाकून खोली काढलेली, तळमजल्यावर साइड मार्जिन झाकून स्टोअर केलेले, हे आपल्याकडे इतके सर्रास आहे की मालकाला ते बेकायदा वाटतच नाही. नकाशात नसलेले क्षेत्र चोख व्हॅल्युअर मोजत नाही, आणि काही वेळा त्याचा उल्लेख करून मालकाला अडचणीत आणतो. घेताना ‘साडेनऊशे स्क्वेअर फूट’ म्हणून घेतलेला फ्लॅट मोजताना सहाशे साठ भरतो तेव्हा मालक चिडतो. साडेनऊशे हा सुपर बिल्टअप होता. त्यात जिना, लॉबी आणि बिल्डरची हौस, सगळे धरलेले होते. रेराचा कायदा महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून पूर्ण लागू झाला आणि कार्पेट क्षेत्राची व्याख्या पक्की झाली. त्याआधीच्या करारांत काय लिहिले आहे ते विकण्यापूर्वी एकदा वाचलेले बरे, आणि टेप घेऊन घर मोजलेले त्याहून बरे.

दुसरा कागद भोगवटापत्र, म्हणजे ओसी. इमारतीत लोक वीस वर्षे राहत आहेत, वीज आहे, पाणी आहे, कर भरला जातो, पण ओसी नाही, किंवा खालच्या चार मजल्यांपुरतीच पार्ट ओसी आहे, अशा इमारती शहरभर सापडतील. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे महापालिकेत आली. त्यांतल्या गुंठेवारीने पाडलेल्या भूखंडांवर उठलेल्या इमारतींची गोष्ट तर आणखी बिकट. तिथे मूल्यांकन कमी येते असे म्हणणेही बरोबर नाही. अनेक बँका अशा घराचे मूल्यांकन करायलाच जात नाहीत. मग खरेदीदार रोखीवाला शोधावा लागतो आणि तो भाव पाडून मागतो. ओसी नसल्याची किंमत घरमालक अशी मोजतो.

पार्किंगचेही तसेच. बिल्डरला मोकळे किंवा इमारतीखालचे स्टिल्ट पार्किंग स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पंचाली सोसायटीच्या प्रकरणात दिला. ‘पार्किंगचे चार लाख वेगळे दिले होते’ याचा पुरावा मालकाकडे बहुधा नसतो आणि असला तरी उपयोगी पडत नाही. सोसायटीचे पार्किंग वाटपाचे पत्र मात्र उपयोगी पडते. ते नसेल तर सचिवाकडून आधी घेऊन ठेवावे.

गावभागातल्या मालमत्तेला आणखी दोन-तीन कसोट्या लागतात, आणि बाहेरून आलेला व्हॅल्युअर तिथेच चुकण्याची शक्यता जास्त. कसबा किंवा शनिवार पेठेतला एखादा वाडा शनिवारवाड्यापासून शंभर मीटरच्या आत असेल, तर २०१० च्या दुरुस्तीनंतरच्या पुरातत्त्व कायद्याप्रमाणे तिथे नवे बांधकाम निषिद्ध आहे. पुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी घेऊन करता येते. एकाच गल्लीतल्या दोन वाड्यांच्या जमिनीला त्यामुळे एकच भाव लावता येत नाही. वाड्यात जुने भाडेकरू असतील तर मालकाच्या हाती कागदावरची जमीन असते आणि प्रत्यक्षात महिना काही शेकड्यांचे भाडे. पानशेतच्या १२ जुलै १९६१ च्या पुरानंतर पूरग्रस्तांसाठी वसवलेल्या वसाहतींत जमिनीच्या हक्काचा प्रश्न तपासावा लागतो. जमीन भोगवटादार वर्ग दोनची असेल तर हस्तांतरापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आली. आणि नदीकाठच्या घरांना निळी आणि लाल पूररेषा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. बँकांच्या मूल्यांकन अहवालाच्या नमुन्यात पाणी भरण्याच्या शक्यतेबद्दल रकाना असतो. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी पाण्यात गेली, तोवर तो रकाना ‘नाही’ लिहून पुढे जाण्यासाठीच आहे अशी बहुतेकांची समजूत असावी.

पुनर्विकासाच्या हवेने तर भावांची भाषाच बदलली आहे. कोथरूड, प्रभात रस्ता, सहकारनगर इथल्या तीस-चाळीस वर्षांच्या तीन मजली इमारतीत राहणारे लोक आज फ्लॅट विकत नाहीत, उद्याचा मोठा फ्लॅट विकतात. डिसेंबर २०२० मध्ये एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली आणि रस्त्याच्या रुंदीप्रमाणे मिळणाऱ्या चटईक्षेत्राने जुन्या प्लॉटांना नवा भाव आला. विकणारा म्हणतो, आम्हाला तीस टक्के जास्त जागा मिळणार आहे. बँकेचा व्हॅल्युअर म्हणतो, आज मला दिसते ती गळकी गच्ची आणि लिफ्ट नसलेला जिना. दोघांच्या मधला फरक भरून काढणारा कागद म्हणजे नोंदवलेला विकसन करार. त्याच्या आधी लागतो तो अभिहस्तांतरणाचा. सोसायटीच्या नावे जमीनच झालेली नसेल, मानीव अभिहस्तांतरणाचा अर्जही केलेला नसेल, तर पुनर्विकासाच्या गप्पांना व्हॅल्युअरने शून्य गुण दिले म्हणून रागावण्यात अर्थ नाही. तीस वर्षांवरील इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने बंधनकारक आहे. त्याचा अहवाल दाखवता आला तर इमारतीचे उरलेले आयुष्य, आणि त्यावर बेतलेली कर्जाची मुदत, यांचा वाद तरी वाचतो.

घर विकणाऱ्याला किंवा वारसाहक्काने घर मिळालेल्याला आणखी एक मूल्यांकन लागते, ते प्राप्तिकरासाठी. २००१ पूर्वी घेतलेल्या घराची मूळ किंमत म्हणून १ एप्रिल २००१ रोजीचे वाजवी बाजारमूल्य धरता येते. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल काढण्याची पद्धत आहे. पूर्वी हे आकडे हवे तसे फुगवले जात. २०२० च्या अर्थसंकल्पाने लगाम घातला: त्या दिवशीचे सरकारी दराने येणारे मूल्य उपलब्ध असेल तर त्याहून जास्त धरता येत नाही. तेव्हा ‘साहेब, थोडे वाढवून लिहा’ या विनंतीला आता अर्थ उरलेला नाही. २००१ च्या रेडी रेकनरचे पान शोधणे अधिक कामाचे. जुलै २०२४ नंतर महागाई निर्देशांक न लावता साडेबारा टक्के किंवा निर्देशांक लावून वीस टक्के असा पर्याय, २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरांसाठी निवासी व्यक्तींना ठेवला आहे. दोन्ही गणिते करून पाहिल्याशिवाय कुठलाही निवडू नये. दुसरी गोष्ट, व्यवहार रेडी रेकनरपेक्षा कमी रकमेला झाला तर करखाते दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेते. रेडी रेकनर ऐंशी लाख आणि विक्री चौऱ्याहत्तरला, तर ठीक. विक्री सत्तरला झाली तर विक्रेत्याने ऐंशीला विकले असे धरले जाईल, आणि खरेदीदारालाही मधल्या दहा लाखांवर कर लागू शकेल. घर खरोखरच वाईट स्थितीत असल्याने कमी भाव आला असेल तर प्रकरण खात्याच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवा, अशी मागणी करता येते. ही मागणी क्वचितच कोणी करते.

मग घरमालकाने तयारी करायची ती काय? रंग देऊ नये असे नाही. ओल आलेली भिंत आणि उखडलेले प्लास्टर यांचा फोटो अहवालात जातो, तेव्हा गळती थांबवलेली बरी. पण हातात महिनाभर असेल तर तीन आठवडे फायलीला द्यावेत. मूळ करारनामा, आधीच्या मालकांचे करार असतील तर ती सगळी साखळी, प्रत्येकाची इंडेक्स टू, मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, ओसी, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचे ना-हरकत, कराची आणि महावितरणची ताजी पावती, सातबारा किंवा मिळकत पत्रिका. जुन्या सोसायट्यांत नकाशा आणि ओसी एखाद्या माजी सचिवाच्या कपाटात असतात. ते गृहस्थ मुलाकडे बंगळुरूला गेले की शोध सुरू होतो. हे सर्व कागद सोसायटीने एकदाच जमवून प्रत्येक सभासदाला द्यावेत, यात अवघड काय आहे?

याहून उपयोगी आणि फारसे कोणी करत नाही असे काम म्हणजे नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरची ई-सर्च सेवा उघडणे. आपल्याच इमारतीतले, शेजारच्या सोसायटीतले गेल्या वर्षभरातले करार किती मोबदल्याला नोंदले गेले ते तिथे दिसते. त्यातले दोन-तीन उतारे छापून व्हॅल्युअरच्या हातात द्यावेत. तो त्यांना बांधील नाही, पण बाणेरचा दर बावधनला लावण्याची किंवा मुख्य रस्त्याचा भाव आतल्या गल्लीवर ढकलण्याची चूक त्यामुळे टळते. एजंटच्या तोंडी भावापेक्षा नोंदलेला व्यवहार अहवालात अधिक वजनदार ठरतो. त्याच उताऱ्यांनी मालकाचेही पाय जमिनीवर येतात. पोर्टलवर शेजाऱ्याने मागितलेला भाव आणि त्याला मिळालेला भाव यांतले अंतर पाहून अनेकांची अपेक्षा आपोआप उतरते.

एवढे करूनही आकडा कमी आला तर? इथे आमची तक्रार बँकांशी आहे. मूल्यांकनाचा खर्च कर्जदार देतो, कधी स्वतंत्रपणे, कधी प्रोसेसिंग फीमध्ये. अहवाल मात्र बँकेचा अंतर्गत कागद मानला जातो. कर्जदाराला ‘व्हॅल्युएशन कमी आले’ एवढे तोंडी कळते. कार्पेट किती धरले, कोणत्या व्यवहारांशी तुलना केली, इमारतीचे वय बरोबर लिहिले का, यातले काहीही त्याला दिसत नाही. मग चूक दाखवणार कशी? अमेरिकेत बचत-कर्ज संस्था बुडाल्यावर १९८९ मध्ये मूल्यांककांसाठी परवाना व मानके आली, आणि २०१४ पासून गृहकर्ज देणाऱ्या संस्थेवर अहवालाची प्रत कर्जदाराला व्यवहारापूर्वी देण्याचे बंधन आहे. आपल्याकडे संपत्तिकर २०१५ मध्ये रद्द झाला तरी त्या कायद्याखालचे नोंदणीकृत मूल्यांकक आहेत, २०१७ च्या नियमांनुसार परीक्षा देऊन नोंदणी मिळालेले वेगळे आहेत, आणि बँकांच्या स्वतःच्या याद्या आणखी वेगळ्या. सर्वांना एका छत्राखाली आणणाऱ्या कायद्याचा मसुदा तज्ज्ञ समितीने २०२० मध्ये दिला होता. तो कायदा होईल तेव्हा होवो. प्रत देण्यासाठी त्याची वाट पाहायची गरज नाही. रिझर्व्ह बँकेचे एक परिपत्रक पुरे.

ते निघेपर्यंत कर्जाच्या अर्जासोबतच एक ओळ लेखी द्यावी: मूल्यांकन अहवालाची प्रत मला मिळावी. काही शाखा देतात. ज्या देत नाहीत, त्यांच्याकडून नकार लेखी मागावा आणि तो फायलीत लावून ठेवावा.